माहेरी निघालेली तबकडी

शिरूरच्या एका सायबर कॅफेत, भर दुपारी, सहा कॉम्प्युटर आणि आठ-नऊ माणसांच्या साक्षीनं मी एकदा झिम्मा खेळले. तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती, अंगावर शाळेत नेसायची खळ घातलेली साडी होती, आणि माझ्या समोर टाळ्या द्यायला सरकारी दवाखान्यातली एक नर्स उभी होती. शिरूरमध्ये त्या झिम्म्याच्या चार-पाच वेगवेगळ्या कथा आहेत. एकीत तर माझ्या अंगात आलं होतं. खरी कथा मात्र माझ्याकडे आहे, आणि ती जिंकल्याची आहे, म्हणून मी ती कुणीही न विचारता सांगते.

दोन हजार पाच-सहाचं साल असेल. न्हावऱ्याच्या शाळेत दहावीपर्यंत एका वर्गात असलेले आम्ही अकरा जण पोटापाण्यासाठी पांगलो होतो. मी शिरूरला कवायत आणि भूगोल शिकवत होते. एक जण दौंडला रेल्वेत गार्ड होता. नर्सबाई केडगावला होती. एक जण पाबळला मुलांना वेल्डिंग आणि लेथ शिकवत होता, त्याला आम्ही मास्तर म्हणायचो. बाकीचे पुण्यापासून मस्कतपर्यंत कुठं कुठं. मास्तरानं ईमेलवर आमचं एक मंडळ काढलं. दर रविवारी एकानं आपल्या आवडीचं एक जुनं गाणं बाकीच्या दहांना पाठवायचं. मी स्वतःच स्वतःला अध्यक्ष जाहीर केलं. कुणी विरोध केला नाही, कारण कुणी मेल उघडायच्या आतच मी आभार मानून टाकले होते.

गाणं पाठवणं तेव्हा सोपं नव्हतं. कॅफेच्या मालकीणबाईंचा आधी टायपिंगचा क्लास होता; मशिनं गेली, कॉम्प्युटर आले, पण छडीसारखी फूटपट्टी त्यांच्या हातात तशीच राहिली होती. फाईल उतरायला लावायची, बाजारात जाऊन मेथीची जुडी आणि खडू घेऊन यायचे, तरी निम्मं गाणं यायचं बाकीच असायचं. एवढं करून मिळालेलं गाणं माणूस कानात नाही, जिवात साठवतो.

मंडळाचा नियम एकच होता. आधी सांगायचं, मग वाजवायचं. हे गाणं पहिल्यांदा कुठं ऐकलं, कुणाबरोबर ऐकलं, ते लिहिल्याशिवाय गाणं पाठवायचं नाही. जो चुकेल त्यानं ते अख्खं गाणं मराठीत टाईप करून पाठवायचं. त्या काळी कॉम्प्युटरवर मराठी टाईप करणं म्हणजे हातमोजे घालून सुईत दोरा ओवणं. मस्कतवाला एकदा चुकला, त्याला एक कडवं उतरवायला अख्खी सुट्टी गेली.

हा नियम आमचा नव्हता. तो गार्डच्या वडिलांचा, म्हणजे आबांचा होता.

आबा न्हावऱ्याचे कर्णेवाले. लग्न असो, बारसं असो, चौदा एप्रिलची जयंती असो, आबांचं तबकड्या वाजवायचं मशीन आलं की कार्यक्रम सुरू झाला असं समजायचं. लिंबाच्या झाडावर दोन कर्णे चढायचे, एक गावाकडे तोंड करून, एक शिवाराकडे. फर्माईश घेऊन कुणी आलं की आबा माईक त्याच्या तोंडाशी धरायचे. "आधी सांग, कुणासाठी? मंग वाजंल." त्यापायी गावातली दोन लग्नं जुळली आणि एक मोडलं.

आणि प्रत्येक कार्यक्रमाची पहिली तबकडी ठरलेली. ती लावायच्या आधी आबा खांद्यावरचा पंचा काढून मशीनवर टाकायचे, स्वतःचं डोकंही पंच्याखाली घालायचे आणि अर्धा मिनिट तसेच वाकून राहायचे. आम्ही पोरं हात जोडून उभी राहायचो. आम्हाला वाटायचं, आबा मशीनची पूजा करतात. त्यांचं बघून आम्हीही घरी रेडिओ लावण्याआधी त्यावर फडकं टाकून वाकायचो. मग पंचा उठायचा आणि गाणं सुरू व्हायचं.

ते गाणं कुठल्याशा पडलेल्या सिनेमातलं होतं. बैलगाडीतून माहेरी निघालेली बाई गाडीवानाला म्हणते, हाक जोरात. काय ते गाणं! बैलांचे घुंगरू, चाकांची घरघर, आणि त्या बाईचा असा लगबगीचा आवाज की आमच्या बायका पातेली चुलीवर सोडून अंगणात यायच्या. आम्ही मुली त्यावर झिम्मा खेळायचो. माझी जोडीदारीण तीच, आताची नर्सबाई.

पुढे मशीन विकलं गेलं. आबांनी तेवढी एक तबकडी ठेवली होती, तीही दौंडला मुलाच्या क्वार्टरमध्ये राहायला जाताना ट्रंकेखाली फुटली. आणि मग, गावाला पंचवीस वर्षं ऐकवलेल्या त्या माणसाला स्वतःला ऐकू येईना. गार्डनं चांगलं, कानात घालायचं मशीन आणलं. आबांनी ते निळ्या डबीत ठेवलं आणि डबी खिडकीत.

"काय ऐकायचंय आता?" ते म्हणाले. "तुमची भांडी आन् गाडीची शिट्टी? माझी तबकडी आणा, त्या दिवसापासनं घालतो. तवर न्हाई."

घरात सगळे आबांशी ओरडून बोलायचे, मग हळूहळू बोलायचेच कमी झाले. सून ताट ठेवून जायची, नातवंडं लांबून हात करायची. गार्डनं हे मंडळाला लिहिलं तेव्हा नेहमीसारखी थट्टा केली नाही. एवढंच लिहिलं, "आबा घरात आहेत आणि नाहीत. ते गाणं कुणाकडे आहे का?"

अकरा जण कामाला लागले. दोन महिने आम्ही दुसरं काही केलं नाही. अखेर मास्तरानं इंटरनेटवरच्या जुन्या तबकड्या जमवणाऱ्या लोकांत शिरून, मुंबईच्या कुणा अनोळखी गृहस्थाकडून ती फाईल मिळवली. तेच गाणं, तोच सिनेमा, तेच शब्द. मी कॅफेत टाळ्या वाजवल्या, मालकीणबाईंनी फूटपट्टी आपटली. गार्डला फाईल पाठवली आणि मी विजयाचं भाषण मनात जुळवत बसले.

संध्याकाळी त्याचा फोन आला.

"आबांनी मशीन कानात घातलं. गाणं पुरतं ऐकलं. आणि काढून परत डबीत ठेवलं."

"का?"

"म्हणाले, हे आपलं गाणं न्हाई. ही बाई माहेराला न्हाई निघाली, सासरला निघालीय."

मी हसले. तो हसला नाही.

मास्तरानं दुसऱ्या तबकडीवरून उतरवलेली आणखी एक फाईल शोधली. तिचंही तेच झालं. कान, डबी, खिडकी. तिसऱ्या दिवशी गार्डची मेल आली. "मंडळाचे आभार. आबांना आता काही आठवत नाही असं समजून शोध थांबवतो आहे." खाली, पहिल्यांदाच, 'आपला' असं लिहिलं होतं. वर्गमित्र 'आपला' लिहायला लागला की समजावं, तो दार लावून घेतोय.

त्या रविवारी नर्सबाई केडगावहून आली होती. तिच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, म्हणून एकाआड एक रविवारी ती एसटीनं शिरूरला यायची आणि पंधरा दिवसांची गाणी एकदम ऐकून जायची. तिनं ती फाईल ऐकली आणि म्हणाली, "गाणं तर तेच हाय गं. पण मला काहीच का होईना? हिथं," तिनं छातीवर हात ठेवला, "हललं पायजे ना काहीतरी."

मलाही तसंच वाटत होतं, पण अध्यक्षांनी शंका दाखवायची नसते.

"ऊठ," मी म्हणाले.

"कशाला?"

"झिम्म्याला. मन विसरलं असंल, पाय विसरायचे न्हाईत."

"अगं, लोक बघत्यात!"

"बघू देत. निम्मे माझे विद्यार्थी आहेत, त्यांना सवय आहे."

मी हेडफोनची वायर उपटली, गाणं स्पीकरवर लावलं आणि आम्ही समोरासमोर उभ्या राहिलो. टाळी, टाळी, उडी. आणि पहिल्याच उडीला घोटाळा झाला. माझा पाय वर गेला, खाली आला, पुन्हा जायला तयार झाला, तरी ठोका येईना! पुन्हा केलं. पुन्हा तेच. आम्ही दोघी पुढे, गाणं मागे. बैल रस्त्यात पेंगत होते आणि आम्ही गाडीच्या पुढे पळत होतो.

नर्सबाई एकदम थांबली. तिचा चेहरा पेशंटला बघताना होतो तसा झाला. तिनं हात वर करून मनगटावरचं घड्याळ समोर धरलं.

"लाव परत. मोजते." मिनिटभर ओठ हलले. "फायलीची नाडी पंच्याऐंशी. आता गाणं बंद कर आणि तू नाच. मनातल्या गाण्यावर."

मी नाचले. एकटी, गाण्याशिवाय, शिरूरच्या बाजारपेठेत. मालकीणबाई फूटपट्टीनं ताल धरत होत्या.

"सत्त्याण्णव," नर्सबाई म्हणाली. "आबांची बाई पळत व्हती गं! हिला ताप न्हाई, आपल्या बाईला व्हता."

मी तिथूनच मास्तराला फोन लावला. सगळं ऐकून तो ओरडला, "पंचा!"

"काय?"

"आबांचा पंचा! पूजा कसली करत्यात? त्या पंच्याखाली काय करत व्हते ते?" त्याचं लेथवर आयुष्य गेलेलं. चाक फिरवणारा दांडा जरा जाड केला की चाक जोरात फिरतं, एवढं त्याला झोपेतही कळत होतं. "गाणं जोरात करून देतो मी. कॉम्प्युटरवर होतंय. तुम्ही दौंडला निघायची तयारी करा. ह्या खेपेला फाईल धाडायची न्हाई, आपण जायचं."

पुढच्या रविवारी सकाळी मी शिरूरहून एसटीत बसले. मास्तर पाबळहून पहाटेच निघून शिरूरला आला होता, त्याच्या मांडीवर सीडी, वर रुमाल. न्हावऱ्यात गाडी थांबली तेव्हा आम्ही दोघांनी खिडकीतून लिंबाच्या झाडाकडे बघून घेतलं. केडगावला नर्सबाई चढली. तिघांनी दौंडपर्यंत एकमेकांना सांगितलं की नाही जमलं तरी काही हरकत नाही, आणि तिघंही खोटं बोलत होतो.

गार्डनं दार उघडलं. त्याला आशा करायची नव्हती, हे त्याच्या चहा विचारण्यावरूनच कळत होतं. आबा खिडकीपाशी खुर्चीत. मी त्यांच्यासमोर जाऊन वाकले, निळी डबी उघडली आणि पुढे धरली.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, डबीकडे बघितलं. "पुन्यांदा?" म्हणाले. "बाई, तुमी शिकलेली मान्सं. किती खेपा त्येच."

"एकच खेप, आबा. शेवटची," मी ओरडून सांगितलं. त्यांनी सुस्कारा सोडला आणि मशीन कानात घातलं.

मी गार्डच्या खुंटीवरचा टॉवेल काढला. मास्तरानं सीडी घातली होती त्या कॉम्प्युटरवर तो टाकला. डोकं आत घातलं आणि अर्धा मिनिट वाकून राहिले. आत अंधारात मला फक्त माझा श्वास ऐकू येत होता. मग मी माऊस चाचपडत बटण दाबलं आणि टॉवेल उचलला.

घुंगरू वाजले. चाकं घरघरली. आणि ती बाई आली, आमची बाई, पदर खोचून, धापा टाकत, माहेराला निघालेली!

आबांचा उजवा हात मांडीवरून उठला. आधी एक बोट, मग चार, मग सगळा हात खुर्चीच्या दांड्यावर ताल धरायला लागला. पहिलं कडवं संपायच्या आत ते उभे राहिले होते. गार्ड भिंतीला टेकला होता. त्याच्या हातातला चहाचा ट्रे सुनेनं काढून घेतला.

गाणं संपलं. आबांनी आमच्याकडे एक एक करून बघितलं, पोरांच्या रांगेकडे बघावं तसं.

"पंच्याचं कुणी वळखलं?"

"मी," मास्तर म्हणाला. "दांड्यावर काय चढवत होता, आबा?"

आबा इतके हसले की त्यांना परत बसावं लागलं. "सायकलची व्हॉल ट्यूब! रबराची, एवढीशी!" त्यांनी करंगळीचं पेर दाखवलं. "ती तबकडी आणली तवा लई रडकी वाटली बघा मला. म्हनलं, माहेराला निघालेली बाई अशी चालंल व्हय? कंपनीवाल्यांना बायकांचं काय म्हाईत. मंग म्याच गाडी हाकली तिची. आन् कुनाला सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर दुसऱ्या गावच्या कर्णेवाल्यानंबी केलं असतं!"

म्हणजे जगात ते गाणं फक्त न्हावऱ्यात होतं. मुंबईच्या त्या गृहस्थाकडे नव्हतं, गाणाऱ्या बाईनं स्वतःही ते कधी ऐकलं नव्हतं. ते आबांनी केलं होतं, आणि आम्ही अकरा जणांनी ते आमच्या पायांत सांभाळून ठेवलं होतं.

"परत लावा," आबा म्हणाले. "आन् खिडकी उघडा. कर्णा भाईर असतोय."

त्या दुपारी रेल्वे कॉलनीनं ते गाणं सात वेळा ऐकलं. दुसऱ्या खेपेला नर्सबाईनं माझा हात ओढला, आणि यावेळी एकही पाय हवेत अडकला नाही.

निळ्या डबीत आता आबांची सुपारी असते. गार्डची तक्रार एवढीच की घरात कुजबुजायची सोय राहिली नाही. आणि माझं अध्यक्षपद? त्याच आठवड्यात मंडळाला एक मेल आली, नातवाकडून लिहून घेतलेली. "आजपासून मी मंडळात आहे. तुमची मागची सगळी गाणी ऐकली. चांगली आहेत, पण सावकाश लावता. अध्यक्ष बदला."

दहा मतांनी ठराव पास झाला. अकरावं मत माझं होतं, आणि तेही मी आबांनाच दिलं असतं; पण मालकीणबाईंचं इंटरनेट तेवढ्यात बंद पडलं.