तांडेलकाका पाण्यावर उठतात

दुपारी साडेतीनला चहा वाटताना कळलं की तांडेलकाकांची खाट रिकामी आहे. बाथरूम पाहिलं, जेवणाचा हॉल पाहिला, चिकूची वाडी पाहिली. काका कुठेच नव्हते आणि मागचं फाटक उघडं होतं.

डहाणूच्या किनाऱ्यावर दुपारला एक गुंगी असते. ऊन सुरूच्या झाडांतून झिरपून खाली येतं, कावळेसुद्धा गप्प होतात, समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे लागतं ते कळेनासं होतं. त्या दुपारी मी वाळूतून धावत होते आणि भोवतालचं काहीच हलत नव्हतं. स्वप्नात धावतो आपण, तसं.

मी तेव्हा या वृद्धाश्रमाची मॅनेजर होते. त्याआधीची सगळी नोकरी तलासरी तालुक्यात सरकारी नर्स म्हणून झाली. रिटायर झाले आणि इथे आले. आल्या आल्या पहिला नियम केला, की तोंडी काही सांगायचं नाही, सगळं रजिस्टरमध्ये लिहायचं. ड्युटी बदलताना जाणाऱ्याने येणाऱ्याला पेशंटची माहिती द्यायची असते, त्याला हँडओव्हर म्हणतात. आमच्याकडे तोही फक्त लेखी. रजिस्टर इतकं सुंदर भरलेलं असायचं, की ट्रस्टी शेठ पाहुण्यांना ते उघडून दाखवायचे.

तांडेलकाका वरोरचे. तांडेल म्हणजे मासेमारीच्या होडीचा प्रमुख. सगळं आयुष्य पाण्यावर गेलं. बायको वारली, मुलगी लग्न होऊन वापीला. मग डिमेन्शिया झाला, म्हणजे विसरण्याचा आजार. मुलीचं नाव गेलं, जेवलो की नाही ते गेलं. रोज कधीतरी ते एकदम अस्वस्थ व्हायचे, दाराशी जाऊन उभे राहायचे. कधी सकाळी अकराला, कधी दुपारी एकला. डॉक्टरांनी वेळा लिहून ठेवायला सांगितल्या. आम्ही लिहिल्या. त्यातून काही अर्थ लागेना.

माझ्या पुढे आमच्या आया हिराबाई चालल्या होत्या. त्या जवळच्या आगर गावच्या, घर मच्छीमाराचं. चपला हातात घेऊन त्या सरळ पश्चिमेला निघाल्या होत्या. इकडेतिकडे बघतही नव्हत्या.

"हिराबाई, ते इकडेच असतील कशावरून?"

"भरती लागली ना मॅडम. होड्या आत घ्यायची येळ. मी आठ दिवस सांगते, बाबा पाण्यावर उठतात."

मी धावता धावता थांबले. ते वाक्य मी वाचलं होतं. हिराबाईंना लिहिता येत नाही, म्हणून त्यांचं बोलणं स्टाफ नर्स लिहायची. रजिस्टरमध्ये होतं, 'पेशंट पाण्यासाठी उठतो.' खाली माझ्या हातचा शेरा होता, 'खाटेजवळ तांब्या ठेवावा. पाणी वाढवावे.' खाली सही.

मच्छीमारांच्या बोलण्यात 'पाणी' म्हणजे भरती, आणि भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. काकांची अस्वस्थ होण्याची वेळही तशीच सरकत होती. आकडे माझ्या टेबलावर पडून होते.

काका दिसले ते बरेच आत. आमचा किनारा उथळ. ओहोटीला समुद्र लांब जातो आणि भरतीला कधी पायाशी येतो कळत नाही. पाणी त्यांच्या मांड्यांपर्यंत चढलं होतं. पांढरा लेंगा फुगला होता. चेहरा मात्र इतका शांत, की आश्रमात मी तो तसा कधी पाहिला नव्हता. क्षणभर मला वाटलं, हाक मारूच नये.

पण मारली. "काका, मागे फिरा!" ते आणखी दोन पावलं पुढे गेले.

हिराबाईंनी माझा दंड धरला. "वरडू नका. ते कामावर आहेत." आणि पाण्यात शिरून, घरच्यांशी बोलावं तशा त्या म्हणाल्या, "तांडेल, होडी लागली. जाळं वर घ्यायचंय, हात लावा."

त्यांनी पदराचं टोक पुढे केलं. काकांनी ते मुठीत धरलं, खांद्यावर टाकलं आणि ओढत ओढत किनाऱ्याकडे चालू लागले. त्यांच्या मागे पदर ताणून धरून हिराबाई. कोरड्या वाळूत आल्यावर काका खाली बसले आणि म्हणाले, "आज मासळी बरी आहे."

"हो, बरी आहे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रस्टी शेठ आले. चिकूचे बागाईतदार, माणूस वाईट नाही.

"सिस्टर, फाटकाला कुलूप लावा. आणि ड्युटीवर कोण होती, ती बाई? तिला काढा."

"शेठ, तिनेच आठ दिवस आधी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

मी इन्सिडेंट रिपोर्ट पुढे केला. असं काही घडलं की त्याचं कारण लिहून ठेवायचं असतं. शेठने चष्मा लावून वाचला.

"कारण म्हणून तुमचंच नाव?"

"तोंडी सांगायला बंदी मी केली होती."

"हे बाहेर दाखवता येणार नाही."

"मग आत ठेवू. पण हिराबाई जात नाहीत."

शेठने चष्मा काढला आणि रिपोर्ट माझ्याकडे सरकवला. म्हणाले, "ठीक छे. करा तुमच्या पद्धतीने."

फाटकाला कडी बसवली. आणि हँडओव्हर बदलला. आता सगळ्यांनी उभं राहून बोलायचं, आणि आधी आयांनी. पहिले दोन दिवस कोणी तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी झरी गावची एक आया चाचरत म्हणाली, "जानकीआजीला टेबलावर जेवण जात नाही. तिला खाली बसायचंय." आजींचं ताट खाली मांडलं. महिनाभर आम्ही त्यांना भुकेचं टॉनिक देत होतो.

भरतीच्या वेळा भिंतीवर लावल्या. त्या वेळेला हिराबाई काकांना हाताला धरून किनाऱ्यावर नेत. दोघं वाळूत बसत, पाणी जवळ येईपर्यंत. काका परत आले की पोटभर जेवत आणि झोपत. पुढे वर्षभर ते होते. गेले तेही आपल्या खाटेवर, झोपेत.

नव्याने मॅनेजर होणाऱ्या मुली कधीकधी माझ्याकडे येतात, पहिलं काम काय करू विचारतात. मी सांगते, ज्या बाईला लिहिता येत नाही, तिच्याशेजारी रोज दहा मिनिटं बस. रजिस्टर नंतर भर.