खुर्चीला पटवणाऱ्या बाई

शिक्षक होऊ घातलेल्या मुलामुलींना बाई पटवून देणारे लेखन शिकवीत असत. घरीसुद्धा त्यांच्याशी वाद घालण्यास कोणी धजत नसे. नणंद म्हणे, "वहिनीने यमाला अर्ज लिहिला, तर तो रेडा विकून घरी बसेल." बाई नुसत्या हसत आणि वह्या तपासत राहत.

त्यांची शिकवण्याची रीत ठरलेली होती. फळ्यापाशी वेताची एक रिकामी खुर्ची असे. आपला वाचक त्या खुर्चीत बसला आहे असे मानून लेख त्याला वाचून दाखवायचा. तो कोणती हरकत घेईल ते आधीच ओळखायचे व तिचे उत्तर लेखातच द्यायचे. "पळवाट एकही ठेवू नका," बाई बजावीत. "त्याला नाही म्हणताच येऊ नये."

एका दुपारी घुमीची पाळी आली. ही मुलगी क्वचितच तोंड उघडत असे, म्हणून वर्गाने तिला हे नाव ठेवले होते. मागच्या बाकावरून कोणी म्हणाले, "आज खुर्चीच बोलेल बघा." सगळे हसले.

घुमी वाचू लागली. "आई, तू घरी परत ये."

हसू जागच्या जागी विरले. तिची आई नुकतीच वारली होती, हे सर्वांस ठाऊक होते.

"तू म्हणशील, वाट आठवत नाही. मी पुढे चालते. तू म्हणशील, अंगात बळ नाही. माझे हात घे. तू म्हणशील, इथे शांत झोप लागते; मग मी जागी आहे, हे तुला सोसवेल का?"

वेत करकरला. खुर्चीची बैठक खाली दबली आणि दबलेलीच राहिली. गुडघ्यांना चोळण्याच्या तेलाचा वास वर्गात पसरला.

त्या लेखात बाईंना एकही उणीव सापडेना. शेवटचा परिच्छेद तेवढा उरला होता. तो वाचून झाला की त्या माउलीला लेकीमागे जावेच लागणार होते, मन असो वा नसो.

"थांब," बाई म्हणाल्या. "तिला नाही म्हणायला जागा ठेव."

"तुम्हीच म्हणालात, ठेवायची नाही."

"म्हणाले खरी. पण तिला यायचंय का, ते तू विचारलंच नाहीस."

"बाई, ती आलीय. बघा ना."

"दिसतंय मला. म्हणूनच सांगते."

घुमीने हातातील कागद टेबलावर पालथा ठेवला. "आई, तुला यायचंय का गं?"

बैठक हळूहळू वर आली. खुर्ची किंचित मागे सरकली, जड अंगाचे माणूस उठताना सरकते तशी. तेलाचा वास बाकांमधून दाराकडे गेला आणि उंबऱ्यापाशी थांबला.

आता घुमीने एक हाक मारली असती तरी पुरे होते. बाईंना ते कळत होते, घुमीलाही कळत होते. तिने बाईंचा हात धरला आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

मग वास निघून गेला.