चिन्नीच्या जेवणाची कॅसेट

दुपारचे चार वाजले होते. दिलसुखनगरमधल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये तेरा महिन्यांची चिन्नी जरीचं परकर-पोलकं घालून, गालाला तीट लावून माझ्यासमोर बसली होती. लग्नाच्या शूटिंगवाल्याचे दोन मोठे लाइट थेट तिच्या तोंडावर. शेजारी तिची आई, संगीताताई, ठेवणीतली साडी नेसून वरणभाताची वाटी धरून बसलेली. झेंडावंदनाला उभी राहावी तशी ताठ. आणि चिन्नीचे वडील बिरादार सर माझ्या कानाशी येऊन सांगत होते, "काळेसाहेब, टेन्शन घेऊ नका. कालपासून तीन वेळा रिव्हिजन झालीय."

"कसली?"

"फीडिंगची. आधी घास, मग स्माइल, मग पाणी. पोर्शन कंप्लीट आहे."

ह्या क्षणी मी लाइट बंद करून घरी जायला हवं होतं. मी म्हणालो, "व्हेरी गुड."

हा प्रकार काय होता ते सांगतो. मी हैदराबादच्या एका मुलांच्या हॉस्पिटलमध्ये सायकॉलॉजिस्ट होतो. मुलांपुढे ठोकळे मांडायचे, चित्रं दाखवायची, बुद्ध्यांक काढून रिपोर्ट टाइप करायला द्यायचा, एवढं माझं काम. त्यात मी दहा-बारा वर्षं सुखात होतो. मग देश खुला झाला. शहरात काचेची हॉस्पिटलं उभी राहू लागली आणि आमच्या मोठ्या साहेबांनाही काच बसवावीशी वाटली. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"काळे, आपण तान्ह्या बाळांच्या मेंटल हेल्थचं युनिट काढतोय. बाहेरचं क्रेडेन्शियल आणा, युनिट तुमचं. महिनाअखेरपर्यंत फाइल गेली नाही, तर मी बाहेरून माणूस आणतो."

हे क्रेडेन्शियल म्हणजे एका परदेशी संस्थेचं प्रमाणपत्र. वर्षभर मी त्याच्या मागे होतो, आणि आता ते युनिटही त्यालाच टांगलं गेलं. नातेवाइकांत चेष्टा चालायचीच. बेगम बाजारात माझ्या थोरल्या भावाचं किराण्याचं होलसेल दुकान आहे. तो गिऱ्हाइकांदेखत विचारायचा, "अरे, ज्याला बोलताच येत नाही त्याला तू विचारणार काय?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर असं, की बाळ बोलत नसलं तरी रुसतं, धास्तावतं, कधीकधी आशाही सोडतं. आणि या कामात पेशंट एकटं बाळ नसतं. बाळ आणि त्याला सांभाळणारं माणूस, या दोघांमध्ये जे चाललेलं असतं, तो पेशंट. प्रमाणपत्रासाठी एका कुटुंबाकडे काही महिने नियमित जायचं, आपली लुडबुड न करता बघायचं, रोजच्यासारख्या जेवणाची एक व्हिडिओ कॅसेट काढायची, कापाकापी न करता. आणि दर आठवड्याला सुपरव्हायझरपुढे बसायचं. याला रिफ्लेक्टिव्ह सुपरव्हिजन म्हणतात. म्हणजे त्या घरात बसलेले असताना तुमच्या स्वतःच्या पोटात काय चाललं होतं, ते बोलायचं. मी मात्र ती तोंडी परीक्षा समजून दर आठवड्याला पाठांतर करून जात असे.

बिरादार कुटुंब मूळचं बीदरकडचं. सर दिलसुखनगरच्या एका कोचिंग सेंटरमध्ये फिजिक्स शिकवायचे. चिन्नी जेवत नव्हती. डॉक्टरांना आजार सापडला नव्हता. जेवायची वेळ झाली की एका बाजूने आज्जी टाळ्या वाजवायच्या, दुसऱ्या बाजूने सर कॅलेंडरवर घासांच्या रेघा मारायचे, आणि मधे संगीताताई घास धरून बसायच्या. चिन्नी तोंड मिटून घ्यायची. "माझ्या हातचं खातच नाही हो," एवढंच संगीताताई म्हणायच्या.

आणि अशा घरात, ओळख वाढावी म्हणून, पहिल्याच भेटीत मी विनोद केला, "हे बघा सर, परीक्षा माझी आहे, आणि चिन्नी माझा पेपर!"

कोचिंगच्या मास्तरांपुढे असं बोलू नये. त्यांनी लगेच वही काढली. "गेल्या वर्षी पेपरात काय आलं होतं?"

तर कॅसेट निघाली. चिन्नीने सात घास घेतले. सातव्या घासाला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. शूटिंगवाल्याने आपल्या मनाने सुरुवातीला एक उमलणारा गुलाब टाकला आणि त्यात संगीताताईंचा चेहरा बसवला. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'माय-लेकींचा संवाद उत्कृष्ट. उमेदवाराच्या हस्तक्षेपामुळे लक्षणीय प्रगती.' उमेदवार म्हणजे मी.

माझ्या सुपरव्हायझर नसीम मॅडम, निवृत्त बालमानसोपचारतज्ज्ञ. बोलणं अस्सल दखनी. त्यांनी गुलाब पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"काळे साब, ये क्या है जी? शादी का कैसेट उठा लाए क्या?"

"नहीं मॅडम, आगे देखिए."

त्यांनी पूर्ण कॅसेट पाहिली. मग मागे नेऊन एका ठिकाणी थांबवली. "बच्ची किसको देख रई?"

मी नीट पाहिलं. "मेरे को."

"माँ किसको देख रई?"

"...मेरे को."

"बाप?"

"मेरे कोच."

"और तुम?"

"कॅमेऱ्याको."

"तो बच्ची को कौन देख रा?"

मी पंख्याकडे पाहिलं. मॅडमनी टीव्ही बंद केला. "बिचारी उस माँ को घर में दो जने रोज मार्क देरे थे. तुम जाके तीसरे हो गए. नक्को साब, इसपे मैं सही नै करती."

"मॅडम, महिनाअखेर आठ दिवसांवर..."

"वो तुम्हारा कैलेंडर है. उनके घर जाओ, सच बोलो. फिर आके मेरे को बोलो क्या हुआ."

त्या रात्री मला युनिटच्या दारावर दुसऱ्याच कुणाची पाटी दिसत होती. पण खरं सांगतो, त्यापेक्षा संगीताताईंपुढे जाऊन 'मी चुकलो' म्हणायचं जास्त जड होतं. दोन दिवस मी टाळलं. तिसऱ्या दिवशी दुपारी कॅमेरा न घेता गेलो. घरातले सगळे जेवायला खाली बसले होते. चिन्नी आईच्या मांडीला टेकून, अंगात फक्त झबलं.

मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "कॅसेट नापास झाली. पण त्यात तुमची कुणाचीच चूक नाही. मी इथे बघायला यायचं, तर परीक्षक होऊन बसलो. संगीताताई, तुम्हाला माझ्यामुळे फार त्रास झाला."

संगीताताईंचा घास हातातच राहिला. "म्हणजे... मी नापास नाही?"

"तुम्ही कशाला? मी नापास झालोय."

घरात एकदम सैल पडल्यासारखं झालं. आज्जींनी तर गालावर हात ठेवला. "आत्ता गं बया! एवढ्या मोठ्या माणसाला बी नापास करत्यात व्हय? उभे काय, बसा. ताट वाढते."

बिरादार सर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "फर्स्ट अटेम्प्टला होतं असं. आमच्याकडे अशा पोरांसाठी लाँग टर्म बॅच असते. दुसऱ्या वर्षी तीच पोरं रँक काढतात."

चाळिशी ओलांडलेल्या मला तिघं मिळून समजावू लागली. कुणाचा दूरचा भाऊ तीनदा नापास होऊन आता कसा बँकेत मॅनेजर आहे, वगैरे. संगीताताई पहिल्यांदाच मोकळ्या हसताना दिसल्या. या गडबडीत चिन्नीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

चिन्नीने आईच्या ताटात हात घातला. वरणात भिजलेला भाकरीचा तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. आमच्यापैकी कुणी टाळी वाजवली नाही, म्हणून बहुधा तिने दुसराही टाकला. तिसरा तुकडा मात्र तिने आईच्या तोंडापाशी नेला.

संगीताताईंनी खाली पाहिलं. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. त्यांनी आ केला.

माझ्या जिभेवर "व्हेरी गुड" आलंच होतं. ते गिळलं. इतक्यात आज्जींना ते दिसलं, त्यांचे दोन्ही हात टाळीसाठी वर गेले. मी घाईने म्हणालो, "आज्जी, ठेचा आहे का हो?"

"हाय की! थांबा, आणते." आज्जी स्वयंपाकघरात गेल्या.

ठेचा मला चालत नाही. ॲसिडिटी आहे. तरी मी तो दोनदा मागून घेतला, आणि सरांना ओहमचा नियम विचारत राहिलो. सरांनी नियम सांगायला घेतला की त्यांना आजूबाजूचं काही दिसत नसे. तोवर माय-लेकींनी एका ताटात अख्खी भाकरी संपवली.

हे सगळं मी जसंच्या तसं लिहिलं. माझा विनोद, लाइट, टाळ्या, मला वाटलेली युनिटची हाव, सगळं. फॉर्ममध्ये एक रकाना होता, उमेदवाराने वापरलेली पद्धत. त्यात लिहिलं, 'ठेचा मागितला.' मॅडमनी ते दोनदा वाचलं.

"अब करे तुम काम की बात," एवढंच म्हणाल्या.

कॅसेट मात्र हवीच होती. दुसरी कॅसेट संगीताताईंनी स्वतःच काढली. शूटिंगवाल्याचा कॅमेरा मागून आणला, चालू करून फ्रिजवर ठेवला आणि विसरून गेल्या. मी त्या दिवशी माझ्या घरी होतो. तीत निम्मा वेळ आज्जींची पाठ दिसते, आणि पाठीमागून चिन्नीचं हसणं ऐकू येतं. मॅडम म्हणाल्या, "हौ, ये घर है," आणि सही केली. महिनाअखेरीला एक दिवस राहिला होता.

प्रमाणपत्र आलं, युनिटही मिळालं. तेव्हापासून जेवत नाही म्हणून कितीतरी बाळं माझ्याकडे येऊन गेली. आजार नाही अशी खात्री झाली की मी आईबापांना पहिलं एकच सांगतो: जेवताना त्याच्याकडे बघणारी माणसं कमी करा. आणि मोजताना तज्ज्ञालाही त्यात धरा.