वहिनीच्या वाट्याची मिनिटं

माझा भाऊ ड्रायव्हर म्हणून दुबईला गेला तेव्हा मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होते आणि घरात मोबाइलमधलं काही कळणारी मी एकटीच होते. तिकडे मेसेज जातो, फोटो जातो, पण नेटवरून कॉल लावायला गेलं की लागतच नाही, तिथल्या सरकारने तो बंद करून ठेवलाय, हे दादाला तिथे पोचल्यावर कळलं. साधा फोन करायचा तर बिलाच्या धाकाने दोन मिनिटांतच त्याचा जीव खालीवर व्हायचा. पहिला दीड महिना आईने त्याचा चेहरा पाहिला नाही. मग त्याच्या खोलीतल्या केरळच्या एका माणसाने त्याला व्हीपीएनचं सांगितलं आणि दादाने मला विचारलं. मी कॉलेजात बसून शोधलं, एकेका पायरीचा फोटो काढून त्याला पाठवला. हे ॲप चालू केलं की आपण दुबईत नाही, दुसऱ्याच कुठल्यातरी देशात बसलोय असं नेटला वाटतं, असं मी आईला समजावलं.

"म्हंजे खोटं बोलायचं," आई म्हणाली. मग स्क्रीनवर दादा दिसला आणि आई खोटंबिटं सगळं विसरली.

त्या ॲपने आमचं भलं केलं, हे मी नाकारणार नाही. आमचा मळा नाशिकला लागूनच, झेंडू आणि शेवंती. बाबांना फुलं कळतात, बाजार कळत नाही. बाजार दादाला कळायचा. इकडे दुपारचे अडीच वाजले की तिकडे त्याची जेवणाची सुट्टी असायची. मी फोन घेऊन सरीत उभी राहायचे आणि तो पान उलटं करून दाखवायला सांगायचा. झेंडूवरचा करपा रोग त्याने दुबईत बसून ओळखला. दसऱ्याचा तोडा कोणत्या दिवशी धरायचा, कुठल्या व्यापाऱ्याला क्रेट द्यायचे नाहीत, सगळं तोच सांगायचा. त्या वर्षी आम्ही फुलं रस्त्यावर ओतून घरी आलो नाही. हळूहळू आखातात माणूस असलेली आजूबाजूची घरं माझ्याकडे यायला लागली. नाशिकच्याच द्वारका भागातून एक बाई दोन बस बदलून आली, तिच्या नवऱ्याने अजून स्वतःचं बाळ पाहिलं नव्हतं. माझ्या अंगणात बसून तिने ते त्याला दाखवलं आणि दोघं नुसते रडत राहिले. लोक मला मॅडम म्हणायला लागले. मला ते फार आवडायचं.

ॲप फुकटातलं होतं. त्याला रोजचा ठरावीक डेटा मिळायचा, व्हिडिओवर तो पंचवीस-तीस मिनिटं पुरायचा. संपला की दादा स्क्रीनवर तोंड उघडं ठेवून थिजायचा आणि कॉल तुटायचा, मग दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही. आणि आमच्या घरात फोन फिरायचा तो मानाने. आधी बाबा, मग आई, मग मी, सगळ्यात शेवटी वहिनी. सुनेने मधे हात पुढे करायचा नाही. मुलानेही आईबापाच्या देखत बायकोला बोलव म्हणायचं नाही. दादा तसं कधी म्हणाला नाही. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी असायची. फोन तिच्या हातात जायचा, ती "जेवलात का?" विचारायची आणि दादा थिजायचा.

तिचा स्वतःचा फोन बटनांचा. मोठा फोन आईच्या उशाशी. त्यावर तिने काही लिहिलं असतं तर ते आम्ही सगळ्यांनीच वाचलं असतं, म्हणून ती लिहायचीच नाही. दादा गेला तेव्हा त्यांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

किती मिनिटं उरलीत याचा हिशेब त्या घरात फक्त मी ठेवायचे. मी मुद्दाम बोलत बसायचे. कॉलेजातल्या कँटीनचा वडा, मैत्रिणीची नवी गाडी, काहीही. मला राग यायचा तिचा. दादा आधी माझा होता, त्याच्या सायकलच्या दांड्यावर बसून मी शाळेत गेले होते, आणि आता माझ्याशी बोलताना त्याचे डोळे माझ्या खांद्यावरून दाराकडे जायचे. ते मला दिसायचं. मग मी आणखी एक किस्सा सुरू करायचे.

एकदा त्याने माझ्या फोनवर मेसेज केला, "तायडे, पैसे भरून मोठं पॅक घेऊ का? हिच्याशी बोलणंच होत नाय." मी लिहिलं, "नको. कार्डावरून पैसे भरलेस तर तिकडच्या पोलिसांना लगेच कळेल. नोकरी जाईल." असं काही मी कुठे वाचलं नव्हतं. दोन मिनिटांत रचलं. त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

दोन वर्षं संपत आली तशी कंपनीने त्याला विचारलं, आणखी दोन वर्षांची सही करतोस का? गुरुवारपर्यंत सांगायचं होतं. बाबांना वाटत होतं त्याने राहावं. आईला घरावर स्लॅब हवा होता. मला डिप्लोमानंतर पुण्याला डिग्री करायची होती, आणि दादा परत आला असता तर ते जमलं नसतं. बुधवारी सकाळी झेंडू तोडताना वहिनी माझ्या सरीत आली.

"ताई, आज मला पहिला नंबर द्या. फक्त दोन मिनटं. त्यांना सांगायचंय, सही करू नका. मला लय एकटं वाटतं, ताई. मी नाय राहू शकत अजून दोन वरीस."

"बघते," मी म्हणाले.

त्या दुपारी तिने पावडर लावली होती आणि लग्नातली हिरवी साडी नेसली होती. आईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बाबा बोलले, आई बोलली, दोघांनी सही कर म्हणून सांगितलं. मग मी कानात हेडफोन घातला आणि बसच्या पासचं रडगाणं सुरू केलं. वहिनी दारातून निघून माझ्यामागे येऊन उभी राहिली. तिच्या बांगड्या मला ऐकू येत होत्या. शेवटी दादाने मला मधेच थांबवलं. "तिचं काय म्हणणं हाय?" त्याचा प्रश्न माझ्या एकटीच्या कानात होता.

"तेच, आमचं जे आहे ते," मी म्हणाले.

तेवढ्यात डेटा संपला.

"सांगितलं का त्यांना?" वहिनीने विचारलं.

"सांगितलं."

दुसऱ्या दिवशी दादाने सही केलेल्या कागदाचा फोटो पाठवला. आईने पेढे आणवले. वहिनीने पेढा खाल्ला, आईच्या पाया पडली आणि हिरवी साडी धुवायला घेतली. मी काय केलंय ते तिला त्या क्षणी कळलं, हे मला तिच्या पाठीवरून कळलं. मला वाईट वाटलं नाही. सुटल्यासारखं वाटलं.

त्यानंतर अडीच वाजले की ती मळ्यात निघून जायला लागली. कुणी हाक मारली नाही. कॉल संपायचा आणि डेटा उरायचा, रोज. मी पुण्याला गेले. वहिनी बाबांबरोबर बाजारात बसायला लागली, तिने स्वतःचा मोठा फोन घेतला, व्यापाऱ्यांशी भांडायला शिकली. दादाला तिने एकदाही फोन केला नाही. तो करायचा, तेव्हा "बरी आहे" म्हणायची.

दोन वर्षांनी तो आला आणि आता जात नाही म्हणाला. त्या दिवशी मीही घरी होते. जेवताना हसत हसत तो तिला म्हणाला, "तू राहा म्हणालीस म्हणून काढली ही दोन वर्षं. नायतर तेव्हाच आलो असतो."

माझा घास हातात राहिला. वहिनीने त्याला वाढलं, मला वाढलं.

"व्हय, म्हणाले होते," ती म्हणाली.

भांडी घासायला मी तिच्याजवळ जाऊन बसले. माफी मागायची होती. तिने तवा घासणं थांबवलं नाही.

"तुम्हाला वाचवायला नाय म्हणाले मी तसं. तेव्हा तुम्ही खोटं बोलला होता, ताई. आता तेच खरं झालंय, मला ते घरात नको वाटतात. शेजारी झोपले तर झोप लागत नाय मला. कोण मानूस हाय, काय बोलायचं त्यांच्याशी, काय कळत नाय. त्यांना म्हणावं, परत जा. तुम्हीच सांगा. तुमचं ऐकतात ते."

मी दादाला सांगितलं, वहिनी म्हणते परत जा. त्याने तिला काही विचारलंसुद्धा नाही. दिवाळी झाली आणि तो दुबईला परत गेला.