पेल्यातला शेवटचा घोट

सॅनेटोरियममधून बरा होऊन मी गावी परतलो, तेव्हा माझ्या आधीच माझा रोग गावात पोचला होता. त्याचं नाव कोणी घेत नव्हतं. 'छातीचं' एवढंच म्हणत आणि आवाज खाली आणत. किन्हीराजाच्या फाट्यावर मोटारीतून उतरलो तर वळकटी उचलायला कोणी पुढे आलं नाही, आणि कोणी यावं असं मलाही वाटत नव्हतं. वर्षभर सुया टोचून घेतल्या होत्या, थुंकी पुन्हापुन्हा तपासून झाली होती, डॉक्टरांनी पाठीवर थाप मारून 'जा, आता पोरांना शिकव' म्हटलं होतं. तरी फाट्यापासून घरापर्यंत मी चोरासारखा चालत गेलो. घरी मायने माझं ताट वेगळं ठेवलं होतं. ते कधीपर्यंत वेगळं राहणार, हे मी विचारलं नाही.

आमची ख्रिस्ती मंडळी म्हणजे महारवाड्यातली दहा-बारा घरं. आजोबांच्या पिढीने बाप्तिस्मा घेतलेला. गाव म्हणे, पोटासाठी बाटले. आजोबांना विचारलं तर ते पाप-पुण्याचं, स्वर्ग-नरकाचं काही काढत नसत. पेल्याचं सांगत. गोऱ्या पाद्र्याने प्रभुभोजनाचा पेला आधी स्वतःच्या ओठाला लावला आणि मग तोच, न पुसता, त्यांच्या हातात दिला. आजोबांचा सगळा धर्म त्या एका घोटात होता. पुढे पाद्री गेला, साहेबांचं राज्य गेलं, पेला राहिला. त्याचा मुलामा उडून आतलं पितळ दिसायला लागलं होतं, पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो हातोहात फिरायचा. आत मनुका उकळून केलेला रस असायचा. लहानपणी आम्हाला देवापेक्षा त्या गोड रसाचीच ओढ जास्त, हे आता सांगायला हरकत नाही.

मी परत आलो तेव्हा मंडळीला उपासना चालवायला नवे पाळक मिळाले होते. वयाने माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, मालेगावहून सायकलीने येणारे, शिकलेले. देव आणि विज्ञान यांचं भांडण नाही, ते भांडण माणसांनी लावलंय, असं ते तळमळून सांगत. मला ते फार पटायचं. माझ्यासारख्याला न पटून कसं चालेल? देवाच्या जोडीला मला जिवंत ठेवलं होतं ते इंजेक्शनांनीच.

पण एका रविवारी त्यांनी खोकाभर काचेचे इवलेसे ग्लास आणले, औषध मोजायला असतात तेवढे. म्हणाले, "जंतू बायबलात सापडत नाहीत, म्हणून ते पेल्याच्या काठावर सापडणार नाहीत असं नाही. सूक्ष्मदर्शकही देवानेच माणसाच्या हाती दिलाय." बोलताना त्यांनी माझ्याकडे बघायचं कटाक्षाने टाळलं. त्यामुळे बाकी सगळ्यांनी बघितलं. माझी कानशिलं तापली. आजोबांचा पेला माझ्या फुप्फुसांपायी कपाटात गेला होता.

ग्लासांतून रस पिऊन झाला. उपासना संपली. मग मोठेबाबा उठले. माझ्या वडलांचे थोरले भाऊ, मंडळीत सगळ्यांत वडील. त्यांनी आपला ग्लास दारातल्या रांजणाच्या पाण्याने विसळला आणि बाहेर ओट्याच्या पार टोकाला पालथा घातला. त्यांच्या मागून दुसरा म्हातारा. मग म्हाताऱ्या. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. गावातल्या हॉटेलाच्या मागच्या कुडाशी आमच्यासाठी वेगळ्या कपबश्या ठेवलेल्या असत. चहा प्यायचा, आपली आपण विसळायची, पालथी घालायची. हातांना ते पाठ होतं.

पाळक धावत बाहेर आले. "अहो, हे बाहेर का ठेवता?"

"येगळे गिलास हायत ना, साहेब," मोठेबाबा म्हणाले. "आमाले ठाऊक हाय कुठी ठेवाचे ते."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर पाळकांना उत्तर तरी देता आलं असतं. ते ओट्यावर उभेच राहिले, तोंड उतरलेलं. मी आतल्या आत इतका आकसलो की सतरंजीखाली मावलो असतो.

त्याच आठवड्यात पंच बसले. मलाही बोलावलं. मोठेबाबांनी तोडगा काढला. "पेला एकच राहू द्या, साहेब. आपलं पोरगं शेवटी घेईन. त्याच्या मांगं कोनीच नाई, तं रोग जाईन कोनाले?" पाळकांचा चेहरा उजळला. विज्ञानही राहिलं, पेलाही राहिला. मोठेबाबा माझ्याकडे वळले, "तुले चालते ना, बापू?"

"चालते," मी म्हणालो.

गावाने ज्यांना कायम शेवटी बसवलं, त्यांनी मला आपल्याही शेवटी बसवलं होतं, तेही मायेने, डोक्यावरून हात फिरवून. रागवायला जागाच ठेवली नाही. रागावता आलं असतं तर लाज जरा कमी वाटली असती. घरी मायला सांगितलं, तर ती चुलीकडे तोंड करून म्हणाली, "शेवटी का असेना, भेटते तं खरं."

पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी पेला पुन्हा निघाला. चिंचेने घासून लखलखीत केलेला. म्हातारी माणसं लग्नाला आल्यासारखी खुशीत होती. एकेक जण पुढे जाऊन घोट घेत होता. मी रांगेच्या टोकाला, माझ्या मागे भिंत. माझी पाळी आली आणि पेला हातात घेतला तर तो चांगला जड लागला. अर्ध्याहून जास्त रस शिल्लक. मला कमी पडू नये म्हणून सगळ्यांनी ओठ ओले करण्यापुरताच घेतला होता.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. प्रभुभोजनातला रस सांडायचा नाही, फेकायचा नाही. उरेल तो पाळकाने तिथेच उभ्याउभ्या संपवायचा. रीत इतकी अंगवळणी पडलेली की पंचांच्या बैठकीत कोणालाच ती आठवली नाही. माझ्या मागे कोणीच नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. माझ्या मागे पाळक होते.

मी वर बघितलं. त्यांनाही त्याच क्षणी आठवलं असावं. ओठ घट्ट मिटले होते.

मी ठरवलं, थेंबही उरू द्यायचा नाही. पेला उलटा करून घटाघटा प्यायला लागलो. प्रभूचं नाव नाही, प्रार्थना नाही, पाणपोईवरचा वाटसरू तरी बरा. आणि व्हायचं तेच झालं. ठसका लागला. तोंड बाजूला करायच्या आत मी खोकलो, थेट पेल्यात.

माझा खोकला ओळखत नाही असं त्या खोलीत कोणीही नव्हतं. एक बाई 'येशू' म्हणाली, तेवढंच. धरणी दुभंगावी असं वाटणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. पेल्याच्या तळाशी अजून दोन घोट रस होता.

पाळकांनी हात पुढे केला. मी पेला सोडेना. त्यांनी तो हलकेच माझ्या बोटांतून काढून घेतला, आत बघितलं, डोळे मिटले आणि पिऊन टाकला. मोठेबाबा मोठ्याने 'आमेन' म्हणाले. सगळे गायला लागले. मी ओठ हलवत उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात सायकल वाजली. पाळक एवढ्या उन्हाचे कधी येत नसत. बाजेवर बसा म्हटलं तर बसले नाहीत. पाणी देऊ का विचारलं तर घाईने 'नको' म्हणाले. मग आपण काय बोललो ते त्यांना जाणवलं असावं, म्हणाले, "बरं, दे." मी तांब्या दिला. तो त्यांनी नुसताच हातात धरला.

"शेवटी तपासली तेव्हा थुंकी साफ होती ना?"

"हो."

"डॉक्टर नेमकं काय म्हणाले?"

मी सांगितलं. ते मान डोलवत होते. मग खाली बघत म्हणाले, "पेला घेतला तेव्हा मला जराही भीती वाटली नाही, देवाशपथ. घरी गेल्यावर वाटली. मुलगी आठ महिन्यांची आहे. कालपासून मी तिला उचललं नाही. बायकोला सांगितलं, पाठ दुखते."

मला त्यांचा राग आला नाही. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज पहाटे खोकल्याची उबळ आली की डॉक्टरांचं 'जा, आता पोरांना शिकव' हे वाक्य मी स्वतःशी घोकत असे, आणि दर वेळी ते पटतच असं नव्हतं. माझा मलाच नसलेला भरवसा हा माणूस आपल्या लेकरासाठी माझ्याकडे मागत होता.

"पुन्हा एकदा सांग," ते म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं, त्यांच्याकडे न बघता.