जावेसाठी बांधलेला झोका

परसातल्या दोन झाडांमध्ये मी मुलांसाठी झोका बांधला, असं आमच्या धायरीतल्या आळीत अजून सांगतात. मास्तरीणबाईंना लेकरांची हौस फार, असंही सांगतात. हौसेचा काही संबंध नव्हता. तो झोका मी माझ्या थोरल्या जावेसाठी बांधला होता. तिनं त्यावर बसावं म्हणून नाही. तिनं तो बघावा, मग मागावा, आणि मी नाही म्हणावं, एवढ्यासाठी.

माझं माहेर बुधवार पेठेतलं. खाली वडिलांचं वह्यापुस्तकांचं दुकान, वर दोन खोल्या, आणि झाड म्हणाल तर कुंडीतली तुळस. लग्न होऊन धायरीला आले तेव्हा घराच्या मागे कांद्याची शेतं होती आणि बस चुकली की तासभर दुसरी नसायची. मी गावच्या शाळेत शिकवायला लागले. पुढे माझ्या नवऱ्याची आणि थोरल्या दिरांची वाटणी झाली. आवाज न चढवता झाली, याचं गावाला कौतुक. घराच्या मधोमध भिंत आली. परसात भिंत घालायचं राहून गेलं, नुसती दगडांची एक ओळ मांडली. ओळीपलीकडची जुनी चिंच त्यांची, अलीकडचा मनगटाएवढ्या खोडाचा आंबा आमचा. सासूबाई आमच्याकडे राहिल्या.

वाटणीनंतर पहिली नागपंचमी आली. दरवर्षीप्रमाणे दिरांनी आदल्या दिवशी चिंचेला झोका बांधला. जावेच्या मुलीचं त्याच वर्षी लग्न झालेलं, ती पहिल्या पंचमीला माहेरी आलेली. अशा नव्या लेकीनं पहिला झोका घ्यायचा, मग बाकीच्या लेकीबाळींनी, मग सुनांनी, अशी आमच्याकडची रीत. मला ती माहीत होती. माझ्या सहा वर्षांच्या थोरल्या लेकीला नव्हती. आळीतल्या बायका जमायच्या आतच ती नवा फ्रॉक सावरत जाऊन झोक्यावर बसली.

जावेनं तिला दंडाला धरून खाली ओढलं. "उतर खाली. पयला झोका नव्या लेकीचा असतो," ती म्हणाली. एवढ्यावर थांबली असती तर मी हे लिहायला बसले नसते. पण मग ती माझ्याकडे वळली. "अन् ही चिंच आता आमच्या वाटणीत हाय. तुमच्या पोरींना झोका तुमच्या झाडाला बांधा की."

सगळ्यांनी आमच्या आंब्याकडे बघितलं. त्याच्यावर तेव्हा चिमणीही जपून बसायची. कोणीतरी हसलं, मग सगळ्याच हसल्या. वर्गातली चाळीस पोरं मी नुसत्या नजरेनं गप्प करायचे. तिथे मात्र माझीच नजर खाली गेली. पोरीला घेऊन घरात आले. तिच्या दंडावर चार बोटं उमटली होती. त्यांवर खोबरेल चोळता चोळता मी ठरवलं की हे वाक्य मी जावेला परत करीन. शब्द न बदलता, असंच चारचौघींत.

आंब्यापासून दहा फुटांवर मी त्याच पावसाळ्यात कडुनिंब लावला. तो लवकर वाढतो, असं शाळेच्या शिपायानं सांगितलं होतं. एका झाडाच्या फांदीचा भरवसा नाही, पण दोन झाडं असली की मध्ये वासा टाकता येतो, हेही त्याच्याकडूनच कळलं. संध्याकाळी शाळेतून आले की चहाच्या आधी मी झाडांना पाणी घालायचे. शेळ्या येऊ नयेत म्हणून काटे रचले. दर पंचमीला निंबाच्या खोडाला सुतळीचं वेटोळं घालून माप घ्यायचे. नवरा म्हणायचा, "झाडं लावतेस ते बरंच आहे." मी त्याला कारण सांगितलं नाही.

सात वर्षं लागली. तोवर हात अगदीच रिकामे ठेवले नाहीत. संक्रांतीला सगळ्यांना वाण म्हणून स्टीलची वाटी दिली, जावेला चमचा दिला. तिच्या मुलाच्या लग्नात रुखवतावर नावं घालायला मला बोलावलं तेव्हा माझी नेमकी परीक्षांची कामं निघाली. पण हे सगळं किरकोळ होतं. मूळचं वाक्य मी जपून ठेवलं होतं. भांडी घासताना ते मी वेगवेगळ्या आवाजांत म्हणून बघायचे. शेवटी ठरवलं की हळू आवाजातच जास्त लागेल.

सातव्या वर्षी दिरांनी त्यांच्या वाट्याची जागा बिल्डरला दिली. चिंच पाडायची होती त्या दिवशी मी अर्धी रजा टाकून घरी आले. मागच्या पायरीवर चहा घेऊन बसले. चिंच आडवी व्हायला दुपार गेली. जाऊ पदर तोंडाला लावून उभी होती. मला वाईट वाटलं नाही. तेव्हा वाटलं असतं तर आज तसं लिहिलं असतं.

पंचमीला विळी, कोयता कशालाच हात लावायचा नसतो, म्हणून झोक्याचं काम आदल्या दिवशीच उरकलं. रविवार पेठेतून जाड दोर आणला होता. आंब्याच्या आणि निंबाच्या बेचक्यांत सागवानी वासा आडवा टाकला. झाडाची साल सोलवटू नये म्हणून खाली गोणपाटाच्या घड्या घातल्या आणि नवऱ्यानं दोन्ही टोकं आवळून बांधली. फळी मी स्वतः घासली, हाताला कुसळ लागणार नाही इतकी. दोर सरकू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना खाचा पाडून घेतल्या. मग फळीवर सिमेंटचं पोतं ठेवून रात्रभर टांगून ठेवलं. सकाळी वासा बोटभरही वाकला नव्हता. माझी थोरली तोवर तेरा वर्षांची झाली होती. तिनं एकदा बघितलं, "छान झालाय," म्हणाली आणि पुस्तक घेऊन आत गेली.

दुपारी पुरणाची दिंडं उकडून झाली. आळीतल्या बायका आणि पोरं आमच्या परसात जमली, कारण आसपास झोका बांधण्याजोगं दुसरं झाड उरलं नव्हतं. जावेची मुलगी माहेरी आली होती. तिची पाच वर्षांची मुलगी दगडांची ओळ ओलांडून पळत आली आणि कोणाला न विचारता फळीवर बसली. पाय जमिनीला पोचत नव्हते. आपल्याला कोणी ढकलेल म्हणून ती मागे वळून बघत होती.

जाऊ ओळीपर्यंत आली आणि तिथेच थांबली. "अगं, पोरीला वाईस बसू दे," ती मला म्हणाली. "आमची चिंच तर गेली."

तिनं मागितलं. सात वर्षं मी ह्याची वाट बघितली होती. मी पोरीला दंडाला धरून खाली उतरवलं आणि ठरवल्याप्रमाणे हळू आवाजात म्हणाले, "आक्का, ही झाडं आमच्या वाटणीत आहेत. तुमच्या पोरींना झोका तुमच्या झाडाला बांधा की."

कोणी हसलं नाही. जावेनं इकडे येऊन पोरीला कडेवर घेतलं. "बरं," एवढंच म्हणाली आणि गेली. तिची मुलगी माझ्याकडे न बघता तिच्या मागून गेली. पोर रडली नाही. आजीच्या खांद्यावरून भिंतीआड जाईपर्यंत माझ्याकडे बघत राहिली.

मला फार आनंद झाला. लोक म्हणतात सूड घेतल्यावर रितं वाटतं. मला भूक लागली. मी तूप घालून चार दिंडं खाल्ली.

संध्याकाळी थोरली स्वयंपाकघरात आली. ओट्याला टेकून उभी राहिली. "त्या पोरीला कशाला उतरवलंस?" तिनं विचारलं.

"तुला उतरवलं होतं ते विसरलीस?"

"मोठ्या आईनं? ते नव्या लेकीचा मान म्हणून." जावेला माझ्या मुली मोठी आई म्हणायच्या. "संध्याकाळी तू दळण आणायला गेलीस तेव्हा तिनं मला बोलावून झोका दिला की. खूप वेळ दिला. स्वतः ढकलत होती."

मी हातातली पळी खाली ठेवली.

"मग रोजच द्यायची," थोरली म्हणाली. "आमची शाळा सकाळची, तुझी दुपारची. मी आणि धाकटी, आम्ही दोघी चिंचेखालीच असायचो. पंचमीनंतरही तिनं झोका सोडला नाही, आमच्यासाठी वर गुंडाळून ठेवायची. तू यायच्या वेळेला."

"आजींना माहीत होतं?"

"आजीला, बाबांना, सगळ्यांना."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं कोणाला?"

"तू बंद केलं असतंस," थोरली म्हणाली.

केलं असतं. त्यात काही शंका नव्हती. मी बाहेर जाऊन नवऱ्याला गाठलं. तो पेपर वाचत होता. म्हणाला, "तू इतकं मन लावून झाडांना पाणी घालत होतीस. म्हटलं, कशाला मोडता घाला."

ही सगळी माणसं सात वर्षं माझ्या पाठीमागे झोके घेत होती. मी जावेकडे गेले का, असं कोणी विचारलं तर नाही गेले. दोन दिवस विचार केला आणि उलट जास्तच चिडले. पोरीला ओढायचं ते आळीसमोर आणि झोका द्यायचा तो मला चुकवून, हा कुठला न्याय? पोरीची समजूत तिनं काढली असेल. हसल्या होत्या त्या मला, आणि माझी समजूत कोणी काढली नव्हती. तिसऱ्या दिवशी जावेची मुलगी लेकीला घेऊन सासरी गेली. त्या लहान पोरीला हाक मारून एकदा फळीवर बसवावं, असं मला वाटलं होतं, नाही असं नाही. पण रिक्षा उभी होती आणि सगळे दारात होते. त्या सगळ्यांसमोर मला ते जमलं नाही. पुढच्या पंचम्यांना ती यायची तेव्हा ओळीच्या पलीकडेच खेळायची. मी दोनदा बोलावलं. ती "नको" म्हणाली, तेही अदबीनं.

ती पोर शिकली, कुठल्याशा कॉम्प्युटर कंपनीत लागली. लग्न ठरल्यावर माझ्या थोरलीला बोलवायला तिच्या वाघोलीच्या फ्लॅटवर आली. मी नेमकी तिथे राहायला गेले होते. तिनं मावशीला, म्हणजे माझ्या थोरलीला, कुंकू लावलं, हातावर अक्षता ठेवल्या, पत्रिका दिली. थोरलीच्या सासूबाईंना वाकून नमस्कार केला. मला "बऱ्या आहात ना?" म्हणून विचारलं. मी कपाळ जरा पुढे केलं होतं.

"अगं, आईची पत्रिका पण इथेच दे," थोरली म्हणाली. "एक चक्कर वाचेल."

"त्यांची त्यांच्या घरी देणार आहे," ती म्हणाली आणि हसून पर्स बंद केली.

मी दुसऱ्याच दिवशी धायरीला परत आले. अजून चार दिवस राहायचं ठरलं होतं, पण ती येईल तेव्हा घराला कुलूप दिसायला नको. कुंकवाचा करंडा घासून ठेवला, साडीची घडी काढून ठेवली. लग्न आजोळाहूनच व्हायचं होतं, म्हणून पलीकडच्या बिल्डिंगला, जिथे दिरांना फ्लॅट मिळाला होता, दिव्यांच्या माळा लागल्या. आमच्या दारावरून पाहुणे वर गेले, खाली आले. रोज संध्याकाळी मी बाहेरची कडी काढून बसायचे.

लग्नाच्या दिवशी सकाळी नवरा कोट घालून निघाला. दिरांकडे गेला होता तेव्हा पोरीनं त्याच्या हातात पत्रिका दिली होती. त्यानं आठ दिवस ती माझ्यापासून लपवून ठेवली होती. मी मागितली तेव्हा खिशातून काढून दाखवली. पाकिटावर त्याच्या एकट्याचं नाव होतं, आणि खाली सुबक अक्षरांत लिहिलं होतं, 'फक्त आपण'.

"राहू दे, मी जात नाही," तो म्हणाला.

"जा," मी म्हटलं. त्याच्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं. पाच वर्षांची होती, विसरली असेल असं मला इतकी वर्षं वाटत होतं.