आबांचा विटकरी धूर

सोनं शुद्ध करणं हा आमचा घरचा धंदा. हे कळलं की नवे पाहुणे माझ्या अंगावर सोनं शोधायला लागतात. त्यांना सापडतात ती तेजाबानं पडलेली भोकं, तीही बनियनला.

काम सांगायला सोपं आहे. जुनं सोनं चांदीबरोबर वितळवून त्याचा पत्रा करायचा आणि तेजाबात, म्हणजे नायट्रिक ॲसिडात, उकळायचा. तेजाब चांदी-तांबं खातं, सोनं तेवढं खाली राहतं. खाताना ते विटकरी धूर सोडतं. धूर विरला की भांडं उतरवायचं. आता 'विरला' म्हणजे नेमका किती, हे मला पन्नाशीतही कळत नाही. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कळतं.

डॉक्टरांनी खोकल्यापायी आबांना भट्टीच्या खोलीत जायला बंदी केली, तेव्हा ते समोरच्या टेलर चाचांच्या कट्ट्यावर जाऊन बसले. तिथून आमचं धुराडं दिसायचं. रंग बघून ते अशी हाक मारायचे की सगळ्या शिवाजी पेठेला कळावं, "उतरीव रं!" मी उतरवायचो. गिऱ्हाईक मला कारागीर समजायचं, मीही समजायचो.

एकदा चाचा म्हणाले, "आबा, तुमचं सोनं शुद्ध हुतंय, पर माझं पांढरं कापड पिवळं पडतंय की!"

शेजारधर्म आणि कायदा दोन्ही बघून मी गच्चीवर धूर धुवायचा मनोरा बसवला. भांड्यावर घट्ट झाकण, तिथून नळी वर. पंखा धूर ओढणार, वरून कॉस्टिक सोड्याचं पाणी पडणार, धूर त्यातच जिरणार. नारळ फोडला, पेढे वाटले आणि पहिला घाणा चढवून आबांच्या हाकेची वाट बघत बसलो.

हाक येईना. चहा झाला, पेपर वाचून झाला. शेवटी बाहेर आलो.

"आबा, झालं का न्हाय अजून?"

"आरं, आधी चालू तर कर! धूर कुठाय?"

आत भट्टी विझून भांडं थंडगार; धूर सगळा मनोऱ्यानंच गिळला होता. चाचा इतके हसले की त्यांच्या तोंडातली सुई पडली. आबा मात्र हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते कट्ट्यावर गेलेच नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले. तिसऱ्या दिवशीही टीव्हीसमोरच, तोही बंद. "पंखा हाय की तुझा. त्यालाच इचार," म्हणाले.

मी अंदाजानं उतरवत राहिलो. सराफानं सोनं परत पाठवलं, फिकं म्हणून. ते मी पुन्हा उकळलं. आबांचा चहा मात्र रोज तसाच निवत होता, त्याला उपाय सापडेना.

बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "पातेल्याला काचेचं झाकण मिळतंय बाजारात. तुमच्या नळीला मिळत न्हाय व्हय?"

नळी भिंतीतून सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, येऊन मग गच्चीवर चढते. सोप्यातला तेवढा तुकडा काचेचा करून घेतला. शेजारी आबांसाठी आणखी एक खुर्ची मांडली आणि मुद्दाम काही न बोलता घाणा चढवला.

काच विटकरी झाली तशी टीव्हीसमोरची खुर्ची करकरली. आबा आले, बसले, चष्मा पुसला. "कोण असली काच बसवतंय? वाकडी हाय," म्हणाले.  काचेतला विटकरी रंग हळूहळू फिका होत गेला. मग काठी भिंतीवर आपटली.

"उतरीव की! माझ्याकडं काय बघतुयास?"

आता चाचांचं कापड पांढरंच राहतं, पण त्यांची तक्रार काही मिटलेली नाही. कट्ट्यावर गप्पांना माणूस उरला नाही म्हणून टेप गळ्यात अडकवून तेच आमच्या सोप्यात येतात. दोघं चहा पीत काचेकडे बघतात. आबांचा चहा आता निवत नाही. भांडं चढलं की मीही डोकावतो. आधी काचेकडे बघतो, मग हळूच आबांच्या काठीकडे.